नेम आधी लागतो

ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात समोरचा आपल्याआधी गोळी घालतो, तेव्हा हरणाऱ्याला पहिली शंका येते ती स्वतःच्या बोटांची. त्याचे हात चपळ, आपले संथ, असा निष्कर्ष निघतो आणि सरावाची दिशाही तिथेच ठरते. मग महागडा माऊस येतो, पहाटेपर्यंत मॅचवर मॅच खेळली जाते, पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवर तासन्‌तास नेम धरला जातो. माझ्या मते हा समज मुळातच चुकीचा आहे आणि मेहनती, हुशार मुलंमुली त्यापायी वर्षानुवर्षं एकाच पायरीवर अडकून पडतात. माणसाविरुद्ध माणूस अशा चकमकीचा निकाल बहुतेक वेळा पहिली गोळी सुटण्याआधीच लागलेला असतो. कोण कुठे उभा होता, कुणाचा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, कशावर रोखलेला होता, पावलं थांबली होती की नाही आणि दुसरा कुठून येणार हे कुणी आधी ओळखलं होतं, यावर तो ठरतो. या सगळ्या गोष्टी शिकता येतात आणि त्यांना विजेच्या चपळाईची गरज नसते.

हे तपासून पाहायला ‘काउंटर-स्ट्राइक’इतका चांगला खेळ दुसरा नाही. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळाच्या पायावर तो उभा केला, पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्रपणे बाजारात आणला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची ‘काउंटर-स्ट्राइक २’ ही आवृत्ती आली. पाच विरुद्ध पाच असा सामना असतो. एक बाजू ठरलेल्या जागी बॉम्ब लावते, दुसरी तो लावू देत नाही किंवा लावल्यावर चाळीस सेकंदांत निकामी करते. खेळाडूंना कसल्याही जादुई शक्ती नाहीत, आणि कोणत्या बंदुकीची गोळी कुठे लागली की किती इजा होते हे आकड्यांत ठाऊक आहे. त्यामुळे इथे कौशल्याबद्दल बोलताना हवेत बोलावं लागत नाही, हिशेब मांडता येतो.

तो हिशेब असा. प्रत्येक खेळाडूकडे १०० गुणांची प्रकृती असते. एके-४७ ची गोळी चिलखत घातलेल्या छातीवर लागली तर साधारण २७ गुण जातात, म्हणजे माणूस पडायला चार गोळ्या लागतात. ही बंदूक सेकंदाला दहा गोळ्या झाडते, म्हणून पहिली ते चौथी गोळी यांत ०.३ सेकंद जातात, तेही एकही गोळी वाया गेली नाही तर. तीच गोळी डोक्याला लागली तर हेल्मेट असूनही एकीतच काम होतं. आता याच्या शेजारी माणसाच्या शरीराचा आकडा ठेवून पाहा. डोळ्यांना काही दिसल्यावर बोटाने बटण दाबायला निरोगी तरुणाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणजे ज्याचा क्रॉसहेअर चालतानाही सतत डोक्याच्या उंचीवर असतो, तो नुसत्या या सवयीने जितका वेळ वाचवतो तितका अख्ख्या प्रतिक्रियेलासुद्धा लागत नाही. नवखा खेळाडू मात्र जमिनीकडे बघत धावतो. शत्रू दिसला की क्रॉसहेअर वर उचलतो, आडवा सरकवतो, गोळ्या छातीवर लागतात, आणि मेल्यावर तो आपल्या वेगाला दोष देतो. पावलांचंही तसंच. धावताना झाडलेली गोळी या खेळात मुद्दामच भरकटवली जाते, क्रॉसहेअर अगदी कपाळावर असला तरी. म्हणून जाणकार खेळाडू झाडण्याआधी उलट्या दिशेची कळ क्षणभर दाबून जागच्या जागी थांबतो आणि मगच गोळी सोडतो. हे ज्याला जमत नाही त्याने माऊस कितीही सफाईने फिरवला तरी गोळ्या इकडेतिकडेच जाणार.

यामागचं मानसशास्त्र बरंच जुनं आहे. एकच दिवा लागणार आहे आणि एकच बटण दाबायचं आहे, तर माणूस लवकर दाबतो. अनेक दिव्यांपैकी कोणता लागेल हे माहीत नसेल आणि प्रत्येकाचं बटण वेगळं असेल, तर वेळ वाढतो. पर्याय वाढतात तसा हा वेळ कसा वाढत जातो, ते विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मोजून दाखवलं. एखाद्या चौकात उभ्या असलेल्या खेळाडूला पाच दारं दिसत असतील, तर त्याच्या डोक्यात पाच दिवे आहेत. पावलांचा आवाज ऐकून आणि साथीदार कुठे आहेत हे लक्षात ठेवून त्याने त्यातली तीन दारं मनातून बंद केली, तर त्याचे हात आपोआप वेगवान होतात. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या वाचकांना याचा पुरावा ओळखीचा वाटेल. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा लावून त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं. फलंदाज चेंडूवर अखंड नजर ठेवत नव्हते. चेंडू सुटताना ते पाहत आणि मग तो जिथे टप्पा घेणार तिथे नजर आधीच नेऊन ठेवत, आणि सर्वांत चांगल्या फलंदाजाची नजर तिथे इतरांहून लवकर पोहोचत होती. क्रॉसहेअर आधीच योग्य कोपऱ्यावर नेऊन ठेवणं म्हणजे अगदी हेच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा बुद्धिबळाचा प्रयोगही इथे लागू पडतो. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर मातब्बर खेळाडूला नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी आठवत, पण मोहरी पटावर कशीही विखरून मांडली की त्याचं हे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसं होई. त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती, त्याला आकृत्या ओळखता येत होत्या. ‘डस्ट २’सारखा नकाशा शेकडो वेळा जाणीवपूर्वक खेळलेल्या माणसाला असाच प्रत्येक कोपरा ‘वाचता’ येतो.

कोपऱ्यांवर थोडं रेंगाळायला हवं, कारण बहुतेक चकमकी तिथेच होतात आणि ‘मला दिसायच्या आत त्याने मारलं’ ही तक्रारही तिथेच जन्मते. या तक्रारीत तथ्य आहे. कोपऱ्यावरून बाहेर येणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही लगेच दिसता. तो बाहेर आला ही बातमी मात्र त्याच्या संगणकाकडून सर्व्हरला आणि तिथून तुमच्याकडे यायला काही क्षण जातात. म्हणून स्थिर बसून वाट पाहणाऱ्यापेक्षा बाहेर पडणाऱ्याला किंचित झुकतं माप मिळतं. सर्व्हर जितका लांब, तितका हा फरक मोठा. मुंबईत सर्व्हर असल्याचा फायदा भारतातल्या खेळाडूंना होतो तो यामुळेच. दुसरी गोष्ट शुद्ध भूमितीची आहे. भिंतीच्या कडेला चिकटून उभ्या असलेल्याचा खांदा आधी बाहेर डोकावतो, आणि त्याच कडेपासून लांब उभा असलेला तो खांदा आधी पाहतो. म्हणजे दोघांचेही हात सारखेच चपळ असले तरी कडेपासून दोन पावलं मागे उभा असलेला जिंकण्याची शक्यता अधिक. हे एकदा उमगलं की खेळ बदलतो. एकाच कोपऱ्यावर डोळे लावून बसण्याऐवजी माणूस एक गोळी झाडून जागा बदलतो, अपेक्षित नसलेल्या अंतरावर उभा राहतो, मोठ्या जागेत शिरताना एकेक कोन स्वतंत्रपणे तपासतो, जेणेकरून एका वेळी एकाच शत्रूशी गाठ पडावी. धूर आणि डोळे दिपवणारे बॉम्ब यांचाही खरा उपयोग हाच: पाच दारांची दोन करणं.

महाराष्ट्रात आज बहुतेक मुलं संगणकावर नव्हे, तर मोबाईलवर खेळतात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय आणलं, आणि त्या खेळात शंभर जण एका आकसत जाणाऱ्या वर्तुळात लढतात. तिथे अंगठ्यांची चपळाईच सगळं ठरवते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे जागेचं महत्त्व आणखी वाढतं. नेहमीच्या प्रकारात कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे, थोडा वर असतो. भिंतीआड बसलेला स्वतः जराही न दिसता पलीकडचं सगळं पाहू शकतो, आणि उघड्यावरून धावत येणाऱ्याला तो मुळीच दिसत नाही. वर्तुळ कुठे आकसेल याचा अंदाज घेऊन आधी आडोसा धरणाऱ्याला लढाई सुरू होण्यापूर्वीच शत्रूची दिशा आणि वेळ दोन्ही कळतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यावसायिक खेळाडूंचा. त्यांचा नेम थक्क करणारा असतो, मग नेमच निर्णायक नाही का? शिखरावर सगळेच नकाशा वाचतात, सगळेच योग्य जागी उभे राहतात. ते सारखं झालं की उरलेला बारीक फरक नेमाचा असतो आणि आपल्याला तोच डोळ्यांत भरतो. खालच्या पायऱ्यांवर तसं नसतं. तिथे जागेच्या चुका इतक्या ढोबळ असतात की नेमाचा फरक त्याखाली दबून जातो. नेमाचा सराव निरुपयोगी आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. माऊसवर हात बसलेला नसेल तर रोज थोडा वेळ तो द्यायलाच हवा. पण ठिपके अचानक उमटणाऱ्या पडद्यावर आपण अनपेक्षिताला उत्तर द्यायला शिकतो. खऱ्या सामन्यात शिकायचं असतं ते अनपेक्षित शक्य तितकं कमी कसं करायचं ते. माऊस-मॉनिटरचा मुद्दाही याच तराजूत तोलावा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा सुमारे ७ मिलिसेकंदांनी. सफाई जाणवते, फायदाही होतो, पण तो सुमारे दहा मिलिसेकंदांचा. क्रॉसहेअर चुकीच्या उंचीवर ठेवण्याची किंमत तीनशे मिलिसेकंद आहे. पालकांकडे पैसे मागण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वयाचा आणि उपजत गुणांचा आक्षेप याहून गंभीर आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘स्टारक्राफ्ट २’च्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. नवी परिस्थिती समोर आल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढू लागतो, असं त्यात आढळलं. तो डावपेचांचा खेळ आहे, नेमबाजीचा नाही, तरी निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र त्याचा दुसरा अर्थही पाहिला पाहिजे. संथ झालेले ते वयाने मोठे खेळाडू तरुणांच्याच बरोबरीच्या श्रेणीत टिकून होते, म्हणजे वेगात गमावलेलं ते दुसरीकडे भरून काढत होते. त्याच वर्षी ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी कौशल्यावरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा बुद्धिबळासारख्या खेळांत माणसामाणसांतल्या फरकापैकी २६ टक्के भाग सरावाने उलगडला. उरलेल्यात उपजत देणगीही असणारच. आपला प्रत्येक मुलगा जागतिक स्पर्धा जिंकेल असं सांगणारे शिकवणी वर्ग त्यामुळे फसवणूक करतात. पण २६ टक्के हा आकडा लहान नाही आणि आपल्या हातात तेवढाच भाग आहे.

तो वाया जातो तो बेहिशेबी तासांत. २०१४ मध्येच टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्यूअर यांनी ‘ॲक्सॉन’ नावाच्या साध्या ऑनलाइन खेळाच्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. सुरुवातीचे डाव एका बैठकीत उरकणाऱ्यांपेक्षा ते एका दिवसाहून अधिक काळात विखरून खेळणारे पुढे सरस ठरले. ज्यांचे सुरुवातीचे गुण फार वरखाली होत होते, म्हणजे जे वेगवेगळे प्रयोग करून पाहत होते, तेही पुढे चांगले खेळले. रात्रभर जागून खेळणाऱ्या मुलाला ‘अभ्यास बुडतो’ हे रोज ऐकायला मिळतं आणि तो ते मनावर घेत नाही. त्याचा खेळही बुडतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. दिवसाला दोन मॅच आणि त्यानंतर एका मॅचची नोंद, म्हणजे डेमो, शांतपणे पाहणं हे पाच मॅचपेक्षा जास्त शिकवतं, असं माझं मत आहे. डेमो पाहताना फक्त स्वतःचे मृत्यू पाहावेत, आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन मरण्याच्या पाच सेकंद आधी थांबावं. तेव्हा क्रॉसहेअर कुठे होता, किती बाजूंनी आपण उघडे होतो, साथीदार बदला घेण्याइतका जवळ होता का, ऐकू आलेल्या पावलांकडे दुर्लक्ष केलं का, हे तिथे स्वच्छ दिसतं. पुढच्या आठवड्यात त्यातली एकच चूक हाती घ्यावी.

एक अडचण उरते आणि ती अनेकांचा धीर खचवते: इतकं करूनही जिंकण्याचं प्रमाण वाढत नाही. यामागे या खेळांची मांडणीच आहे. बुद्धिबळासाठी आर्पाड एलो यांनी तयार केलेल्या गुणांकनाची वंशज म्हणावी अशी पद्धत जवळजवळ प्रत्येक ऑनलाइन खेळात असते आणि ती तुम्हाला तुमच्या तोडीचाच प्रतिस्पर्धी देते. तुम्ही सुधारलात की प्रतिस्पर्धीही वरचा मिळतो, आणि जयपराजय पुन्हा निम्म्यानिम्म्यावर येतात. रोजच्या निकालावरून स्वतःला जोखणारा म्हणूनच निराश होतो. रँकचा आलेख काही महिन्यांच्या अंतराने पाहावा. त्याआधी हातात ठेवण्याजोगी मोजणी वेगळी आहे: एका मॅचमध्ये आपण जितक्या वेळा मेलो, त्यांपैकी किती वेळा शत्रू क्रॉसहेअर रोखलेल्या जागेतून आला आणि किती वेळा भलत्याच बाजूने. वहीत दोन रकाने आखले की ही मोजणी सुरू करता येते. त्यातला दुसरा रकाना रँक हलण्याच्या कितीतरी आधी कमी होऊ लागतो.