नागपट्टिणमचा किनारा : मीठ, पक्षी आणि यात्रेकरू

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे येऊ लागले म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या टोकाशी किनाऱ्याची रेषा एकाएकी पश्चिमेकडे वळते. जवळजवळ काटकोनात होणाऱ्या या वळणाच्या ठिकाणी कोडियक्करै हे टोक आहे. त्याच्या पूर्वेस बंगालचा उपसागर पसरलेला असून दक्षिणेस पाल्कची सामुद्रधुनी व तिच्यापलीकडे श्रीलंका आहे. १९९१ साली जुन्या तंजावर जिल्ह्यापासून वेगळा झालेला, आणि २०२० साली मयिलाडुतुरै जिल्हा अलग झाल्यानंतर आकाराने लहान झालेला नागपट्टिणम जिल्हा या किनाऱ्यावर वसलेला आहे. येथील जमीन सपाट व सखल आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची बहुतेक ठिकाणी काही मीटरांपेक्षा अधिक भरत नाही. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे हे येथील लोकांचे परंपरागत व्यवसाय होत.

या किनाऱ्यावर येणारा प्रवासी सामान्यतः तीन हेतूंनी येतो : तीर्थयात्रेसाठी, इतिहासाची स्थळे पाहण्यासाठी किंवा पक्षिनिरीक्षणासाठी. वरवर पाहता या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. परंतु तिन्हींचा पाया एकच आहे. गोडे पाणी आणि खारे पाणी ज्या सखल भूमीवर एकमेकांस भेटतात, तिचे स्वरूप जाणून घेतल्याखेरीज या प्रदेशाचा वारसा नीट उलगडत नाही.

बंदर आणि देवस्थाने

नागपट्टिणम हे चोळांच्या काळी एक भरभराटलेले बंदर होते. अकराव्या शतकाच्या आरंभी, राजराज चोळाच्या कारकिर्दीत, सागरापलीकडील श्रीविजय राज्याच्या अधिपतीने येथे चूडामणी विहार नावाचा बौद्ध विहार उभारण्यास प्रारंभ केला. शैव राजाने या विहाराच्या खर्चासाठी आणैमंगलम हे गाव इनाम दिले. त्या दानाचे ताम्रपट पुढे हॉलंडमध्ये नेण्यात आले व म्हणून ते ‘लायडनचे ताम्रपट’ या नावाने इतिहासकारांना परिचित आहेत. विहाराचा आज मागमूस उरलेला नाही. मात्र १८५६ सालापासून पुढे या परिसरात वेळोवेळी सापडलेल्या बुद्धाच्या शेकडो कांस्यमूर्तींवरून त्याच्या वैभवाची कल्पना येते. चोळांनंतर पोर्तुगीज आले, १६५८ मध्ये डचांनी हे बंदर त्यांच्याकडून घेतले आणि १७८१ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले.

नागपट्टिणमच्या उत्तरेस काही किलोमीटरांवर नागूर येथे सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. मराठी वाचकाला या स्थानाविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. दर्ग्याच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा मिनार तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह (कारकीर्द १७३९ ते १७६३) यांनी बांधविला. समुद्रावर जाणारे कोळी आणि व्यापारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, या संताला आपला रक्षणकर्ता मानीत आले आहेत. वार्षिक कंदूरी उत्सवात नागपट्टिणमहून निघणाऱ्या मिरवणुकीत जहाजाच्या आकाराचा रथ असतो.

नागपट्टिणमच्या दक्षिणेस वेळांकण्णी येथे आरोग्यमातेचे ख्रिस्ती देवालय आहे. वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी सुखरूप किनाऱ्याला लागल्यावर कृतज्ञतेने ते बांधले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. १९६२ साली त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळातील उत्सवास दूरदूरहून यात्रेकरू येतात व त्यांत हिंदूंची संख्याही मोठी असते. नागूर आणि वेळांकण्णी या दोन्ही स्थानांच्या कथांत समुद्राचे भय आणि त्यातून झालेली सुटका हा समान धागा आढळतो. ज्यांचे जीवन लाटांवर अवलंबून आहे, त्यांच्या श्रद्धेने असे रूप घ्यावे हे स्वाभाविकच होय.

मिठाचा इतिहास

दक्षिणेकडील वेदारण्यम या गावाचे नाव भारताच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. गांधीजींच्या दांडीयात्रेपाठोपाठ चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १३ एप्रिल १९३० रोजी सुमारे शंभर स्वयंसेवकांसह तिरुचिरापळ्ळीहून पायी कूच केले. सुमारे १५० मैलांचे अंतर तोडून ही तुकडी २८ एप्रिल रोजी वेदारण्यमला पोहोचली. स्वयंसेवकांना अन्न वा आसरा देणारास शिक्षा होईल, अशी ताकीद तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्याने दिली होती. तेव्हा गावकऱ्यांनी शिधा वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवला; देणारा कोण हे कोणास दिसले नाही आणि उपाशीही कोणी राहिले नाही. ३० एप्रिल रोजी मिठाचा कायदा मोडण्यात येऊन राजगोपालाचारींना अटक झाली. त्यांचे यजमान वेदरत्नम पिळ्ळै यांनाही त्याची शिक्षा भोगावी लागली. अगस्त्यमपळ्ळी येथे या सत्याग्रहाचे स्मारक आहे.

स्मारकाच्या आसपास पसरलेली मिठागरे पाहिल्याखेरीज मात्र ही भेट अपुरी राहते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग नेहमीच्या मिठाचा असतो. खारे पाणी प्रथम मोठ्या उथळ तळ्यांत साठवून ऊन आणि वारा यांच्या साह्याने आटविले जाते. ते मूळ आकारमानाच्या सुमारे दशांशाइतके उरले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. तेव्हा ते लहान वाफ्यांत घेतले जाते आणि तळाशी साचलेले मीठ लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून काठावर ढीग घातले जातात. मागे उरलेले कडवट पाणी मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेले असते. हे सारे काम भर उन्हाळ्यात, चकाकणाऱ्या पांढऱ्या जमिनीवर उघड्या पायांनी चालते, आणि ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की थांबते.

कोडियक्करैचे अरण्य

वेदारण्यमच्या दक्षिणेस असलेल्या कोडियक्करैच्या टोकावर पक्ष्यांची रेलचेल आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विख्यात पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनी या स्थानाचे महत्त्व प्रकर्षाने लक्षात आणून दिले. १९६७ साली येथे अभयारण्य घोषित झाले, आणि लगतच्या विस्तीर्ण दलदलीसह हा प्रदेश २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर करारान्वये ठरविलेल्या यादीत समाविष्ट झाला. या संस्थेच्या संशोधकांनी येथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

पाऊस बहुतेक हिवाळ्याच्या तोंडी पडत असल्याने येथील अरण्य शुष्क असूनही सदाहरित आहे. खिरणी आणि पिलू यांसारखे वृक्ष त्यात आढळतात. अरण्यालगतच्या गवताळ माळावर काळविटांचे कळप चरतात. पहाटे आणि सायंकाळी ते हमखास नजरेस पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दलदलीत रोहित, चमचा, बदके, तुतवार, चिखल्या अशा असंख्य पाणपक्ष्यांची वस्ती असते. रोहित पक्षी मान खाली वळवून आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरतो आणि सूक्ष्म शैवाल व इवले जलचर गाळून खातो. त्याच्या पंखांची गुलाबी छटा या आहारातूनच येते.

मीठ आणि पक्षी यांचे नाते येथे स्पष्ट होते. मिठागरांच्या मध्यम खारट तळ्यांत पक्ष्यांना खाद्य मिळते. परंतु मोठ्या कारखान्यांसाठी बांध घालून दलदलीचे विस्तृत भाग तोडले गेले, तर गोड्या पाण्याचा ओघ अडतो. कडवट पाणी बाहेर सोडले गेले, तर चिखलातील जीव नाहीसे होतात. माळावर वेड्या बाभळीचे वाढते आक्रमण आणि मोकाट घोड्यांचे चरणे यांमुळे काळविटांच्या वाट्याचे गवतही कमी होते. या भूमीवर माणसाने पोट भरावे की नाही असा प्रश्न नाही. किती भाग घ्यावा आणि किती सोडावा, हा प्रश्न आहे.

समुद्राने दिलेली ताकीद

२६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारच्या सकाळी, हिंदी महासागरातील भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर आदळल्या. भारताच्या मुख्य भूमीवरील सर्वाधिक मनुष्यहानी नागपट्टिणम जिल्ह्यात झाली. येथे सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कोळीवाड्यांतील स्त्रिया व मुले फार मोठ्या संख्येने होती. वेळांकण्णीस नाताळानिमित्त आलेले व त्या घटकेस वाळवंटात उतरलेले अनेक यात्रेकरूही परत गेले नाहीत. वाळूच्या उंच टेकड्या व झाडी जेथे शाबूत होत्या, तेथे मागील वस्तीची हानी तुलनेने कमी झाल्याचे आढळून आले. पुढे १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. नारळीच्या बागा आडव्या झाल्या, मिठागरांची धूळधाण झाली आणि कोडियक्करैच्या अरण्यातील असंख्य वृक्ष उन्मळून पडले.

या दोन्ही आपत्तींनी एकच गोष्ट शिकविली. समुद्राचे दर्शन निर्वेध व्हावे म्हणून वाळूची टेकडी सपाट करणे, किंवा वाहनतळासाठी दलदलीत भराव घालणे, म्हणजे किनाऱ्याने स्वतःसाठी उभारलेला बांध फोडणे होय. दर्ग्याचा मिनार आणि सत्याग्रहाचे स्मारक यांची डागडुजी करता येते. वाळूची टेकडी किंवा रोहित पक्ष्यांची दलदल एकदा नाहीशी झाली, तर ती पुन्हा उभारण्याची कला अद्याप माणसाला साधलेली नाही.

म्हणून येथे येणाऱ्या प्रवाशाने नागूर आणि वेळांकण्णी पाहून माघारी फिरू नये. दोन दिवस अधिक काढून वेदारण्यमची मिठागरे व कोडियक्करैची दलदल पायी फिरून पाहावी. वाटाड्या स्थानिक घ्यावा, पक्ष्यांपासून अंतर राखावे आणि टेकडीवरील झुडुपे तुडवू नयेत. १९३० साली ज्या गावांनी झाडांच्या फांद्यांवर परक्यांसाठी अन्न बांधून ठेवले, त्या गावांच्या लोकांकडे या भूमीविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ऐकून घेणारा पाहुणा मात्र त्यांना भेटला पाहिजे.