आजाराचे नाव आणि विम्याचा अर्ज

पुण्यामुंबईकडे एखाद्याला वेड्यात काढायचे असले की त्याला ‘येरवड्याला’ किंवा ‘ठाण्याला’ पाठवण्याची भाषा होते. बेंगळुरूच्या कन्नड बोलीत ‘हुच्चास्पत्रे’, म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, हा शब्द निमहान्सला चिकटला आहे. म्हैसूर राज्याचे जुने मनोरुग्णालय आणि १९५४ सालची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून १९७४ मध्ये निमहान्स उभी राहिली. आज तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियाही होतात; लोकांच्या तोंडचे नाव मात्र गेले नाही. भाषेची ही चिवटता कोशकारांपुरतीच राहिली असती तर बिघडले नसते. परंतु उपचाराचा खर्च कोणी सोसायचा, या व्यवहारातही ती उतरते.

मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे, असे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या २१ व्या कलमाने विमा कंपन्यांवर घातले. अधिनियम मे २०१८ मध्ये अमलात आला आणि ऑगस्टमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तशी आज्ञा केली. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला या प्रश्नात लक्ष घालावे लागले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने पुन्हा तेच बजावले. आज्ञेची ही पुनरुक्ती पुरेशी बोलकी आहे.

तथापि खरी मेख ‘बरोबरी’ या शब्दातच आहे. रूढ आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात भरती होणाऱ्याचा खर्च देतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेला हा साचा शोभतो. नैराश्याचा किंवा चिंताविकाराचा उपचार मात्र बहुधा महिनोन्‌महिने ये-जा करून, गोळ्या घेत आणि बोलत होतो. त्यात खाट लागतच नाही. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च देणारे काही विमे आता निघाले आहेत, पण तो अपवाद. २०१८ ची आयुष्मान भारत योजनाही भरतीभोवतीच बांधलेली आहे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक सुमारे ७० ते ९२ टक्के आढळले होते. भरतीपुरता विमा ही दरी कितपत बुजवणार?

दुसरी अडचण आपल्या, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांच्या, अधिक जवळची आहे. मराठी माणूस ‘जीव घाबरा होतो’, ‘मन लागत नाही’, ‘डोके जड झाले आहे’ असे सांगतो. त्याची व्यथा जिवात, काळजात, डोक्यात राहते. विम्याच्या अर्जाला हे कळत नाही. त्याला निदान हवे, तारीख हवी. निदान लिहावे तर पूर्वीचा आजार म्हणून तीन वर्षांपर्यंत (२०२४ पूर्वी चार) प्रतीक्षा करावी लागू शकते. लोकलज्जेस्तव लपवावे, तर माहिती दडवल्याच्या कारणाने पुढे दावा नाकारला जाण्याची भीती. म्हणजे ज्या कलंकापायी माणूस डॉक्टरकडे जायला बिचकतो, तोच कलंक त्याला अर्जातही गाठतो. बेंगळुरूच्या संगणक-उद्योगातील नोकरदाराला कंपनीचा सामूहिक विमा असतो आणि त्यात प्रतीक्षाकाल अनेकदा माफ असतो. परंतु दाव्याचे कागद कचेरीत कोणाच्या मेजावरून जातील, ही धास्ती उरतेच. ती खरी असो वा नसो, उपचार टाळण्यास पुरेशी आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवा चालते. तिचे शिखरकेंद्र निमहान्स आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते. ‘जीव घाबरा होतो’ एवढ्यावर संभाषण सुरू होऊ शकते. अर्ज भरावा लागत नाही. त्यानंतर खासगी तज्ज्ञाकडे जावे लागले, तर त्याची फी बहुतेकांना पदरचीच द्यावी लागते.