जवळचा रस्ता आणि पाहण्याजोगा रस्ता

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो अंतराचा आणि दुसरा वेळेचा. एस.टी.च्या वा आगगाडीच्या उतारूला हे दोन प्रश्न पुरतात, कारण त्याचा मार्ग दुसऱ्याने ठरवलेला असतो. मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याचे तसे नाही. त्याला आपला मार्ग आपणच निवडावा लागतो आणि ऊन, वारा, धूळ अंगावर घेत तो कापावा लागतो. ज्या शिक्षकाला, कारकुनाला वा विद्यार्थ्याला वर्षाकाठी चार-सहा दिवसच खऱ्या अर्थाने मोकळे मिळतात, त्याच्या दृष्टीने मार्गाची निवड म्हणजे त्या दिवसांचे काय करावयाचे याचीच निवड होय. हल्ली हा निर्णय खिशातल्या फोनवर सोपवण्याची प्रथा पडली आहे. फोन कमीत कमी वेळाचा मार्ग बिनचूक दाखवतो. परंतु पाहण्याजोगा मार्ग कोणता, याचा विचार माणसालाच करावा लागतो.

मुंबईहून गोव्याला जाण्याचे परिचित उदाहरण घेऊ. तेथे जाण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली पुणे, सातारा, कोल्हापूर अशी देशावरून जाऊन आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीस उतरते. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे या वाटेची सुरुवात जुन्या रस्त्याने, बोरघाटातून करावी लागते. दुसरी पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली अशी कोकणाच्या मध्यातून जाते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 17 तो हाच, आजचा क्रमांक 66. तिसरी वाट समुद्राच्या कडेची. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी ती रेडीपर्यंत पोहोचते. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. प्रत्यक्षात तो अजून अखंड झालेला नाही.

नदी कोठे ओलांडावी?

या तिन्ही वाटांत निवड कशी करावी? माझ्या मते त्याची एक साधी कसोटी आहे. आपण नद्या कोठे ओलांडणार, हे पाहावे. सह्याद्रीच्या पूर्वेचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते, पश्चिमेचे अरबी समुद्राकडे. देशावरच्या वाटेवर नीरा, कृष्णा, पंचगंगा लागतात. दुतर्फा उसाचे मळे आणि साखर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. सारे वैभव नदीच्या पाण्यावर उभे आहे, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही. कोकणातल्या दोन्ही वाटांवर मात्र नद्या त्याच आहेत, फक्त गाठ पडते ती वेगवेगळ्या ठिकाणी. महामार्ग सावित्रीला महाडजवळ, वाशिष्ठीला चिपळुणात आणि शास्त्रीला संगमेश्वराजवळ ओलांडतो. किनाऱ्याची वाट त्याच नद्यांना मुखाशी भेटते: सावित्रीला बाणकोटच्या खाडीत, वाशिष्ठीला दाभोळला, शास्त्रीला जयगडला.

या भेटीत मोठे अंतर आहे. महामार्गावर नदी म्हणजे काही क्षणांचा कठडा. तिचे अस्तित्व आपल्याला आठवते ते 2 ऑगस्ट 2016 सारख्या एखाद्या रात्री. त्या रात्री महाडजवळचा ब्रिटिश अमदानीतला पूल सावित्रीच्या पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या. खाडीवर मात्र थांबल्यावाचून गत्यंतर नाही. आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी चालतात. मोटारसायकल बोटीत उभी करायची आणि पलीकडचा काठ सावकाश जवळ येताना पाहायचा. शेजारी मासळीच्या पाट्या असतात, शाळेची मुले असतात, तालुक्याच्या कामाला निघालेले कोणी गृहस्थ असतात. या अर्ध्या-पाऊण तासात प्रवाशाला मुलखाची जी ओळख होते, ती ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात होणे शक्य नाही.

रत्नागिरीच्या दक्षिणेस जांभ्या दगडाचे सडे लागतात. उन्हाळ्यात ओसाड दिसणारे हे माळ श्रावण-भाद्रपदात रानफुलांनी भरून जातात. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. महामार्गाने जाणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही.

तथापि सुंदर वाटेची निवड म्हणजे बेफिकिरीचा परवाना नव्हे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि त्यांत दुचाकीवरची जवळजवळ 45 टक्के होती, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. किनाऱ्याच्या वाटेवर दिवसाला दीडशे किलोमीटर पुष्कळ झाले. अंधार पडण्याच्या आत मुक्काम गाठावा. अरुंद वळणे आणि रस्त्यावर बसलेली गुरे रात्री दिसत नाहीत. ऐन पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, म्हणून आश्विन-कार्तिकाचा काळ बरा. आणि जेथे पेट्रोल मिळेल तेथे टाकी भरून घ्यावी.

सौंदर्य कोणाचे?

येथवर प्रवाशाचा विचार झाला. पण त्या वाटेवर राहणाऱ्यांचे काय? या खाड्यांवर पूल उभारण्याच्या योजना शासनाने हाती घेतल्या आहेत. ते झाले की फेरीबोटीचा संथपणा संपेल, याची हळहळ अनेकांना वाटेल. परंतु वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याच्या आनंदासाठी अडलेल्या बाळंतिणीने शेवटच्या बोटीची वाट पाहत बसावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पूल व्हावेत, लवकर व्हावेत. प्रश्न पुलांचा नाही. त्यांच्यामागून येणाऱ्या रस्त्याचा आहे. महामार्गाच्या रुंदीकरणात दुतर्फा असलेले जुने वड गेले, हे आपण पाहिले आहे. तोच न्याय किनाऱ्याला लावला, तर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या भरधाव वाहनांच्या होतील आणि गावकऱ्यालाच आपल्या दारात जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागेल. दूरच्या वाहतुकीला गावाबाहेरून वळण द्यावे, आतला रस्ता आहे तसा ठेवून दुरुस्त करावा, खाडीकाठी क्षणभर थांबण्यापुरती जागा राखावी. योजना करतानाच विचार केला, तर यांपैकी काहीही अशक्य नाही.

शासनाकडून एवढी अपेक्षा करताना दुचाकीस्वारांनीही आपले वर्तन तपासले पाहिजे. सायलेन्सर बदलून दणाणत गावातून जाणे, पुळणीवर गाड्या पळवणे, कातळशिल्पांवरून चाके नेणे, बाटल्या टाकून निघून येणे, हे प्रकार पाहून किनाऱ्यावरच्या माणसाने पाहुण्याचे स्वागत तरी का करावे? निसर्गरम्य वाट ही कोणाच्या तरी अंगणातून गेलेली असते. त्या अंगणातून जाताना वेग आवरावा आणि आवाज खाली आणावा, एवढे भान ज्याला आहे त्याने खुशाल लांबची वाट धरावी. गोव्याला तो दोन दिवस उशिरा पोहोचेल. पण वाटेतला मुलूख त्याने पाहिलेला असेल.