आकाशातला रेसिडेंट

आर्थर सी. क्लार्क यांच्या १९५३ सालच्या ‘चाइल्डहूड्स एंड’ या कादंबरीत परग्रहवासीयांची प्रचंड याने महानगरांच्या माथ्यावर येऊन स्थिरावतात, आणि त्यांचा मुख्य अंमलदार कारेलेन, पन्नास वर्षे मुखदर्शन न देता, युद्धे, दारिद्र्य आणि मुक्या प्राण्यांचा छळ यांचा असा बंदोबस्त करतो की पृथ्वीवर तक्रारीला जागाच उरू नये. पाश्चात्त्य वाचकाला ही कल्पना अपूर्व वाटली असेल. एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला मात्र हा कारभार परिचयाचा वाटावा.

१७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करून पदरची फ्रेंच धाटणीची पलटण मोडली, तेव्हापासून हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट नावापुरता वकील आणि व्यवहारात पालक झाला. पुढे कंटिंजंट या फौजेच्या पगारापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलुख कंपनीच्या ताब्यात गेला. म्हणजे फौज निजामाच्या नावाची, हुकमत इंग्रजांची आणि खर्च वऱ्हाडच्या रयतेचा! याच कंटिंजंटचे आमच्या शहराच्या छावणीतील घोडदळ जून १८५७ मध्ये बिथरले, तेव्हा पुण्याहून आलेल्या फौजेने तो उठाव मोडला. त्या वेळच्या देहदंडाची स्मृती क्रांती चौकातील काळ्या चबुतऱ्याशी निगडित आहे.

कारेलेनला असा चबुतरा लागत नाही. त्याच्याविरुद्ध कट करणारे पकडले जातात आणि सोडूनही दिले जातात, कारण त्यांच्या प्रत्येक हालचालीवर त्याची नजर असते. ही दया मला तोफेहून भयंकर वाटते. वसाहतीच्या राज्यकारभाराची उपमा क्लार्क यांनी स्वतःच कारेलेनच्या तोंडी घातली आहे: जे धोरण ठरवण्यात आपला हात नाही, ते राबवणारा आपण एक नोकर आहोत, अशा आशयाचे तो बोलतो. रेसिडेंटला जसा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल, तसा या परग्रही पालकांनाही एक अदृश्य धनी आहे, एक विराट महामन. मानवजातीची मुले त्या महामनात विलीन होईपर्यंत त्यांना राखणे एवढीच यांची चाकरी, आणि स्वतः यांना मात्र तेथे प्रवेश नाही. राक्षसासारखी शिंगे, पंख आणि शेपटी असलेला हा कर्तव्यदक्ष अधिकारी त्यामुळेच कादंबरीतील सर्वांत करुण पात्र ठरतो.

तरीही माझी एक तक्रार उरते. मराठवाड्याने निजामी अंमलाविरुद्ध लढा दिला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला. क्लार्क यांच्या मानवाला असा दिवस मिळत नाही, आणि तो का मिळू नये याचे उत्तर कादंबरी फार सहजपणे नियतीवर सोपवते.