अंतराळयुद्धाच्या पुरवण्या

परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका अपुरी पडली, की विद्यार्थी पुरवणी मागून घेतो. मूळ उत्तरपत्रिकेला जोडल्यावाचून त्या पुरवणीला अर्थ नसतो. संगणकावरील खेळांनाही अशाच पुरवण्या असतात. १९९० साली अमेरिकेत ‘विंग कमांडर’ हा अंतराळयुद्धाचा खेळ निघाला आणि त्याच वर्षी ‘द सीक्रेट मिशन्स’ ही त्याची पुरवणी विक्रीस आली. तिच्यात नव्या मोहिमा होत्या. परंतु ज्याच्याजवळ मूळ खेळ नाही, त्याला तिचा काहीच उपयोग नव्हता. अंतराळयुद्धाच्या खेळात भर घालण्याची रीत मात्र याहून अठ्ठावीस वर्षांनी जुनी आहे, आणि त्या पहिल्या पुरवण्यांसाठी कोणालाही एक पैसासुद्धा मोजावा लागला नव्हता.

१९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत पीडीपी-१ नावाचा संगणक आला. सुमारे एक लाख वीस हजार डॉलर किमतीचे हे यंत्र मोठमोठ्या कपाटांत बसविलेले होते. ते एका सेकंदात सुमारे एक लाख बेरजा करी आणि त्याला एक गोल पडदा जोडलेला होता. या पडद्यावर दोन अंतराळयानांचे युद्ध खेळावे, अशी कल्पना स्टीव्ह रसेल व त्याचे मित्र यांना सुचली. रसेल कामास लागेना. कोन मोजण्याचे गणित आपल्याजवळ तयार नाही, अशी सबब तो सांगे. तेव्हा अ‍ॅलन कोटोक हा त्याचा मित्र यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडे गेला आणि ते गणित घेऊनच परतला. सबब उरली नाही. १९६२ च्या आरंभी खेळ उभा राहिला. त्याचे नाव ‘स्पेसवॉर’.

पडद्यावर एक सुईसारखे व एक पाचरीसारखे, अशी दोन याने असत. डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, अग्निबाण पेटवून पुढे जाणे आणि पाणतीराप्रमाणे तीर सोडणे, एवढेच खेळाडूच्या हाती असे. इंधन मोजके, तीरही मोजकेच. कॅरमची सोंगटी फळ्याच्या घर्षणाने थोड्या अंतरावर थांबते. अंतराळात घर्षण नसल्यामुळे हे यान एकदा निघाले की चालतच राही. ते थांबवायचे तर तोंड उलट फिरवून पुन्हा इंधन जाळावे लागे.

खेळ चालू होताच त्यातील उणिवा दिसू लागल्या. काळ्या कोऱ्या पडद्यावर यान किती वेगाने चालले आहे, हे समजत नसे. म्हणून रसेलने तेथे मन मानेल तसे काही ठिपके तारे म्हणून विखरून टाकले. पीटर सॅमसन याला ते मुळीच रुचले नाही. आकाश दाखवायचे तर ते खरे असावे, असा त्याचा हट्ट होता. आणि तो हट्ट चांगलाच म्हटला पाहिजे. त्याने ताऱ्यांच्या नोंदी पाहून खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साडेबावीस अंशांपर्यंतचा आकाशाचा पट्टा तयार केला. तारे त्यांच्या तेजाप्रमाणे ठळक वा अंधूक दिसत आणि संपूर्ण आकाश हळूहळू सरकत राही. रोहिणी, मघा, चित्रा व श्रवण हे आपल्या पंचांगातील नक्षत्रांचे तारे आणि व्याधाचा तेजस्वी तारा याच पट्ट्यात येतात. या भागाला सॅमसनने विनोदाने ‘महागडे तारांगण’ असे नाव दिले होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. ज्याची बोटे चपळ तो जिंके; विचाराला फारसा वाव नव्हता. डॅन एडवर्ड्स याने पडद्याच्या मध्यभागी एक मोठा तारा बसवून त्याला गुरुत्वाकर्षण द्यावयाचे ठरविले. परंतु याने कोठे दाखवावयाची याचा हिशेब क्षणोक्षणी करताना संगणकाचा सर्व वेळ खर्च होत होता. नव्या गणितासाठी वेळ आणावा कोठून? एडवर्ड्सने यानांची आकृती काढण्याची रीत बदलून ते काम झटपट होईल असे केले आणि वाचलेला वेळ गुरुत्वाकर्षणास दिला. आता स्वस्थ राहणारे यान ताऱ्याकडे ओढले जाऊन नष्ट होई. उलट, जाणता खेळाडू मुद्दाम ताऱ्याजवळ झेप घेई, त्याच्या ओढीने वेग मिळवी आणि वळसा घालून शत्रूवर चालून जाई. एका ओढीने सारा डाव पालटला. तीरांवर मात्र गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होत नसे, कारण त्यांचे गणित करण्यास वेळच उरला नव्हता! ते प्रकाशाचे तीर आहेत, अशी समजूत काढून खेळाडूंनी वेळ निभावून नेली.

मार्टिन ग्रेट्झ याने संकटातून सुटण्याची एक वाट जोडली. तिला ‘हायपरस्पेस’ म्हणत. ती वापरली की यान अदृश्य होई आणि दुसरीकडे कोठेतरी प्रकट होई. ते ठिकाण शत्रूच्या तोंडाशी किंवा ताऱ्याच्या अगदी जवळही असू शके. खेळाच्या काही आवृत्त्यांत तर प्रत्येक वेळी यान फुटण्याचा धोका वाढत जाई. फुकटची सुटका त्यांनी कोणालाच ठेवली नव्हती.

एक अन्याय अजून शिल्लक होता. यंत्राच्या दर्शनी भागावरील खटके दाबून खेळताना कोपरे दुखत, शिवाय एका खेळाडूला पडदा दुसऱ्यापेक्षा चांगला दिसे. कोटोक व बॉब सॉन्डर्स यांनी, त्यांच्या आगगाडी-मंडळाच्या खोलीत पडलेल्या सामानातून, तारेने जोडलेल्या दोन पेट्या बनविल्या. त्यांवरील तीर सोडण्याची कळ मुद्दाम बिनआवाजाची ठेवली होती, म्हणजे आपण केव्हा नेम धरला हे शेजारच्या प्रतिस्पर्ध्यास ऐकू जाऊ नये.

मे १९६२ मध्ये संस्था पाहावयास आलेल्या लोकांपुढे हा खेळ मांडण्यात आला. त्याची आज्ञावली भोके पाडलेल्या कागदी फितीवर असे. जो मागेल त्याला ती फीत मिळे, आणि ज्याच्या हाती ती जाई, तो पुष्कळदा तिच्यात आपली काही भर घाली. पुढे १९७१ साली नाणे टाकून खेळावयाची ‘गॅलॅक्सी गेम’ व ‘कॉम्प्युटर स्पेस’ ही दोन यंत्रे निघाली. त्या दोहोंचे मूळ याच खेळात होते.