कुत्र्यास शाळेंत नेण्यापूर्वीं

राखणीचें कुत्रें धंदेवाईक शिक्षकाच्या शाळेंत नेऊं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंसाठीं चार गोष्टी येथें देत आहों.

शाळेंत अनेक कुत्रीं एकत्र येतात. सबब पहिली तयारी आरोग्याची. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस पिलूं तीन महिन्यांचें झाल्यावर टोंचवावी व पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें पुनः द्यावी. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे जनावर काय व मनुष्य काय, बहुधा वांचत नाहीं. मनुष्यास वांचविणारी लस पाश्चर यांनीं १८८५ सालींच दिली. उपाय हातीं असतां हयगय करणें म्हणजे घरच्या मुलाबाळांशीं वैर होय. डिस्टेंपर व पार्व्होची लस, जंताचें औषध हींही आधींच उरकावीं.

दुसरी तयारी संवयीची. जन्मभर साखळीस बांधलेलें कुत्रें परक्या गर्दींत बिथरतें. करितां पंधरा दिवस आधीं रोज त्यास पट्टा व दोरी लावून फिरवावें. हांकेस जवळ येतांच भाकरीचा तुकडा द्यावा. उशीर झाल्यास बक्षीस कशाचें तें त्यास उमगत नाहीं. आणि आल्यावर मारल्यास तें पुढें येणार नाहीं. एका कामास घरांत सर्वांनीं एकच शब्द वापरावा. धड्यापूर्वीं भरपेट खाऊं घालूं नये.

शाळा आधीं एकट्यानें पाहून यावी. जेथें मारहाणीवरच भिस्त, तेथें कुत्रें देऊं नये.

शाळा घटकाभर शिकविते. उरलेला वेळ कुत्रें धन्यापाशींच शिकतें. जो बंधु घरीं धडा गिरवील, त्याचेंच कुत्रें मेंढरांमागें न धांवतां हांकेसरशीं परत येईल.