तीन अक्षरांच्या नावाचे भाडे

इथेरियम या ब्लॉकचेनवर कुणाला पैसे पाठवायचे तर ४२ चिन्हांचा पत्ता द्यावा लागतो. तो पाठ होण्यासारखा नसतो, आणि भलत्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत आणून देणारी बँक तिथे नाही. ही अडचण सोडवण्यासाठी मे २०१७ मध्ये इथेरियम नेम सर्व्हिस, म्हणजे ईएनएस सुरू झाली. लांबलचक पत्त्याच्या जागी तिथे डॉट ईटीएच जोडलेले साधे नाव वापरता येते. मात्र हे नाव कायमचे विकत मिळत नाही, त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. पाच किंवा त्याहून जास्त अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरी नावाला १६० आणि तीन अक्षरी नावाला ६४० डॉलर. म्हणजे सर्वांत छोटे नाव टिकवायला आपल्याकडचे पन्नास हजारांहून अधिक रुपये दरसाल मोजायचे. हा दर योग्य आहे का, आणि तो कुणी कसा बदलावा, यावर या क्षेत्रात अनेक वर्षे वाद चालू आहे. माझे मत असे, की नूतनीकरणाच्या दरात रक्कम किती यापेक्षा तो उद्या अचानक बदलणार नाही याची खात्री जास्त मोलाची आहे.

आधी आजच्या दरांमागचे गणित पाहू. इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून ३६ चिन्हे होतात. त्यांतून तीन अक्षरी नावे ४६,६५६ बनतात, चार अक्षरी सुमारे १६ लाख ८० हजार आणि पाच अक्षरी सहा कोटींहून अधिक. प्रत्येक पायरीला नावांची संख्या ३६ पट वाढते. दर मात्र तीनवरून चारवर येताना चौथ्या हिश्श्यावर येतो आणि चारवरून पाचवर येताना एकदम बत्तिसाव्या हिश्श्यावर. तेव्हा हे दर टंचाईच्या हिशेबातून निघालेले नाहीत, ते अंदाजाने आखलेले टप्पे आहेत. देवनागरीत तर हा अंदाज पार कोलमडतो. ईएनएसची प्रणाली युनिकोडमधली चिन्हे मोजते, त्यामुळे काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगवेगळे धरले जातात. ‘नगर’ची तीन चिन्हे, म्हणून दर ६४० डॉलर. ‘पुणे’ची चार, म्हणून १६०. ‘नाशिक’ वाचायला ‘नगर’इतकेच तीन अक्षरी, पण चिन्हे पाच, म्हणून ५ डॉलर. नावाचे मोल त्याच्या लांबीवरून ठरवण्याला किती मर्यादा आहेत, ते यावरून दिसते.

मग नावाला जितकी मागणी तितके वार्षिक शुल्क का लावू नये? हा प्रश्न इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सविस्तर मांडला होता, आणि त्यात तथ्य आहे. त्याच वर्षी जुलैत तीन शून्यांचे नाव ३०० इथरला (इथर हे इथेरियमचे चलन) विकले गेले, म्हणजे तीन लाख डॉलरहून अधिक किमतीला. त्यापुढे वर्षाचे ६४० डॉलर म्हणजे किमतीच्या एक पंचमांश टक्का. एवढ्या स्वस्तात नाव अडवून ठेवता येत असेल, तर साठेबाज ते का सोडतील? अर्थतज्ज्ञ आर्नोल्ड हार्बर्गर यांनी १९६०च्या दशकात मालमत्ता करासाठी सुचवलेला उपाय इथे अनेकांना आठवतो: मालकाने स्वतःच किंमत जाहीर करावी, त्या किमतीवर कर भरावा आणि तेवढी किंमत देणारा कुणी आला तर मालमत्ता त्याला विकावी.

साठेबाजीचे दुखणे खरे आहे, पण हे औषध नावांना लावणे मला धोक्याचे वाटते. एखाद्या छोट्या संस्थेने पाच वर्षे चोख व्यवहार करून आपले नाव लोकांच्या ओळखीचे केले, तर त्या नावाची मागणी तिच्याच कष्टाने वाढलेली असते. त्या वाढीवर दरवर्षी आकारणी करणे म्हणजे चांगल्या कामाला दंड. शिवाय इथे नाव गेले की पैशांची वाटही जाते. नवा धारक आला, की जुन्या सवयीने त्या नावावर पाठवलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा होते आणि ती परत मागायची सोय नाही. ज्या गोष्टीवर इतरांचे पैसे अवलंबून आहेत, तिचे भाडे बोलीवर वरखाली होऊ देणे योग्य नाही.

साठेबाजाला रोखायचे तर त्याला दारातच रोखावे. आपल्याकडे आरटीओत पसंतीच्या वाहन क्रमांकाला भरभक्कम शुल्क आहे, पण ते एकदाच. क्रमांक आकर्षक म्हणून दरवर्षी पुन्हा वसुली होत नाही. ईएनएसमध्येही अशी सोय आहे. मुदत संपून सवलतीचे ९० दिवस उलटले, की नाव १० कोटी डॉलरच्या अधिभारासह खुले होते आणि हा अधिभार रोज निम्मा होत २१ दिवसांत शून्यावर येतो. ज्याला नावाची खरी निकड आहे तो आपल्याला परवडेल त्या दिवशी ते घेतो. टंचाईची किंमत अशी एकदाच आणि उघडपणे वसूल होते. राहिला वार्षिक दराचा प्रश्न. विसरलेली, टाकून दिलेली नावे पुन्हा फिरती व्हावीत एवढेच त्याचे काम. त्या कामाला १६० डॉलरही मला जास्त वाटतात. दर उतरवले तर साठेबाजांचेही फावेल, हा आक्षेप मान्य आहे. पण मूठभरांना चाप लावण्यासाठी प्रत्येक चार अक्षरी धारकाकडून तेरा हजारांहून अधिक रुपये घेत राहणे हा महागडा उपाय झाला.

दर कधीच बदलू नयेत, असे माझे म्हणणे नाही. डॉट कॉमचा घाऊक दर २०१२ ते २०२१ या काळात ७.८५ डॉलरवर थांबला होता, सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलरवर गेला. पण इंटरनेटवरच्या नावांचे नियमन करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमावलीत नूतनीकरणाचा दर वाढवण्याआधी सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि त्या अवधीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत आगाऊ नूतनीकरण करता येते. ईएनएसमध्ये आगाऊ भरणा आजही चालतो, पण सूचनेचे असे बंधन नाही. तिथला कारभार टोकनधारकांच्या, म्हणजे मताधिकार देणारे ईएनएसचे डिजिटल टोकन बाळगणाऱ्यांच्या, मतदानाने चालतो. नावधारकांच्या नूतनीकरणाच्या हक्कात अन्याय्य भेदभाव करणार नाही आणि शुल्काचा मुख्य हेतू साठेबाजी रोखणे हाच असेल, असे त्यांची घटना सांगते. मात्र दर बदलायला साधे बहुमत पुरते आणि घटनेला हात लावायला दोन-तृतीयांश लागते. सहा महिन्यांची सूचना आणि जुन्या दराने भरण्याचा हक्क या घटनेतच लिहिला, तर आज नाव घेणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांचा खर्च नक्की सांगता येईल.